दोन झटके

पाच चाळीसची हालोल बस.
निरुपमा आधीच खिडकीशी, मांडीवर दोराचं वेटोळं.
कंडक्टरने विचारलं, "बेन, विहीर उपसायला निघालात?"
"हो," ती म्हणाली, "पण विहीर उलटी आहे."

चैत्र सरत आलेला.
पावागडच्या पायथ्याशी मोहाची फुलं वेचणारी पोरं
टोपल्या घेऊन केव्हाच पांगली होती,
वास तेवढा मागे राहिला होता.
पायऱ्या, ट्रॉलीची रांग, नारळवाले उजव्या हाताला सोडून
आम्ही करवंदीच्या जाळीतून डावीकडे वळलो.
धारेच्या बुडाशी पोचलो तेव्हा
सावली अजून आमच्या बाजूची होती.

हा खडक तापट नाही, लबाड आहे.
हात धरू देतो, आणि भार टाकला की म्हणतो,
तो तुकडा माझा नव्हताच.
म्हणून प्रत्येक पकड आधी बोटांनी वाजवून बघायची,
खंडेराव मार्केटात कलिंगड वाजवतो तशी.
बद्द आवाज आला तर सोडून द्यायची.

तेविसाव्या वर्षी तिने मला याच धारेवरून वर घेतलं होतं.
आता दोघी त्रेपन्न.
तिच्या उजव्या गुडघ्याला पट्टा, माझ्या चष्म्याला दोरी.
ती पुढे, मी बिलेवर.
हे कधी ठरलं नव्हतं, म्हणून कधी मोडलंही नाही.

तिसऱ्या टप्प्यावर, पाटाएवढ्या जागेत
चार पावलं एकमेकींत बसवून उभ्या होतो.
खाली वड तलाव, आटून आटून
ताटात उरलेल्या वरणाएवढा.
तेव्हा ती म्हणाली, "तुला एक सांगायचंय.
बरेच दिवस सांगीन सांगीन करतेय."
आणि बोलण्याआधी सवयीने वर पाहिलं.

आग्या मोहळ.
दोन बांबूंवर, कड्याच्या ओठाखाली,
सुपाएवढं काळं,
अंगावरून लाट जावी तसं शहारणारं.
माथा तिथून चाळीस हात होता.

नंतर शब्द नाही.
तिने एका खडकाच्या गळ्यात लाल पट्टी घातली,
कॅराबिनरचा खटका मुठीत दाबून बंद केला,
आणि मला आधी खाली सोडलं.
एक झटका म्हणजे थांब.
दोन झटके म्हणजे सुटले, ये.
एवढीच आमची भाषा, तीस वर्षांची.

खाली पोचून मी दोन झटके दिले.
वरून आला एक.
मी तर उभीच होते,
तरी आणखी थांबले.

कुठे तरी रोपवेची चाकं कुरकुरत होती.
मी अंदाज करत राहिले:
गाठ निघाली असेल?
निझामपुऱ्यातलं घर विकतेय?
मुलाकडे कायमची चाललीय?
की ते जुनं, जे मला ठाऊक आहे
हे तिला ठाऊक नाही?
मान दुखायला लागली.
वर तिचे फक्त बूट दिसत होते,
एकाच्या नाडीचं टोक लोंबणारं.
मला त्या नाडीचा इतका राग आला
की डोळ्यांत पाणी आलं.

मग दोर हलला. ती आली,
उलटी, हळू, गुडघ्याला शिव्या देत, त्याही मनातल्या मनात.
जमिनीला पाय लागल्यावर पहिलं वाक्य:
"पट्टी गेली ग. साडेतीनशेची होती."

करवंदं अजून हिरवी होती. तरी खाल्ली.
जीभ चिकट झाली, दात आंबले.
हालोलला नाक्यावर सेव उसळ,
तिने दोनदा तर्री मागून घेतली
आणि उसळवाल्याला मोहळाची गोष्ट सांगितली,
त्यात बांबू दोनाचा अर्धा झाला.

परतीच्या बसमध्ये दोर माझ्या मांडीवर.
जरोदच्या पुढे तिने विचारलं,
"काय सांगत होते ग मी वर?"
मी म्हटलं, "मोहळ."
"हां. मोहळ."
ती खिडकीला डोकं टेकून झोपली,
तोंड किंचित उघडं.

माझ्या नखांत खडक भरला होता.
बडोदा येईपर्यंत
मी तो एकेका नखातून काढत बसले.